सभासद क्रमांक ११२चा अभिप्राय

८ जानेवारी २०२५, बुधवार

सकाळपासून एकच दुपार आठवते आहे, १९८४ सालची. वाचनालयाच्या तिसऱ्या पायरीवर मी आणि तय्यबा एकच पुस्तक घेऊन बसलो होतो, अर्धं तिच्या मांडीवर, अर्धं माझ्या. मधे खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. दोघींचीही लग्नं होऊन वर्ष-दोन वर्षं झालेली, घरी "बाजारात जाऊन येते" एवढंच सांगितलेलं. ती माझ्यापेक्षा भरभर वाचायची. पान संपलं की उलटायची नाही, कोपरा चिमटीत धरून थांबायची.

"आलीस?"

"दोन ओळी."

"किती चावतेस गं एकेक शब्द!"

दुसरं काही घडलं नाही त्या दुपारी. समोरच्या गल्लीतले कापडाचे लूम खटखटत होते. ऊन पायरीवरून खाली उतरलं आणि आम्ही उठलो.

तो 'मीठगड'चा पहिला भाग होता. आज वाचनालयातून केसरीनाथचा फोन आला. "ताई, आला बघा चौदावा. ह्यो शेवटचा म्हनतात. पहिला मान तुमचा, बाजूला काढून ठेवलाय."

एकेचाळीस वर्षं. खाडीतला मिठाचा किल्ला, तो दरवर्षी विरघळतो आणि मंत्राने पुन्हा उभा राहतो. धुक्यातून पलीकडे जायचं तर नावाड्याला पैसे नाही, एक आठवण द्यायची. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये असलं काही वाचलं असतं तर सिस्टरने कोपऱ्यात उभं केलं असतं.

तय्यबाला जाऊन अडीच वर्षं झाली. केसरीनाथने तिचा ११२ नंबर अजून कोणाला दिलेला नाही. माझा ११३.

९ जानेवारी, गुरुवार

पुस्तक आणलं. उघडलं नाही. जाडजूड आहे.

केसरीनाथच्या वडिलांनी घालून दिलेली पद्धत अजून चालू आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानामागे एक कोरा कागद चिकटवलेला असतो. वाचून झालं की त्यावर मत लिहायचं. नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. पुस्तक संपल्याशिवाय तो कागद बघायचा नाही, कारण त्यात सगळे शेवट फोडलेले असतात. आमच्या दोघींचा आणखी एक नियम होता. आधी ती वाचणार, आधी ती लिहिणार. मग मी खाली लिहिणार. दोघींचं लिहून होईस्तोवर त्या पुस्तकाबद्दल तोंडाने एक अक्षर बोलायचं नाही. कधी कधी महिनाभर आम्ही भाज्यांवर आणि सासवांवर बोलत बसायचो आणि पोटात नुसतं मीठगड खदखदत असायचं.

आज पहिल्यांदा मी आधी वाचणार.

१३ जानेवारी, सोमवार

पान साठवर खूण आहे. नवं पुस्तक, पण पुढची पानं चिकटलेली नाहीत. पान तीनशेच्या आसपास माझ्या बामसारखा वास येतो. हल्ली छपाईची शाई तशी येत असेल.

नाश्त्याला ऋतिकाला चौथं प्रकरण सांगितलं. ती म्हणाली, "आई, हे तुम्ही परवा सांगितलंत." पण ऐकलं तिने पूर्ण. सुनेला गोष्टीची गोडी लागली असेल तर बरंच आहे. माझा मुलगा देवेश आमच्या वडपे गावच्या शेतावर उभ्या राहिलेल्या गोदामातच असतो सारा दिवस. पोरीला घरात बोलायला मीच.

मधल्या बोटाला निळी शाई लागली आहे. घासूनही जात नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

होईल तसं लिहिते.

दुपारी जेवल्यावर पुस्तक संपवलं. शेवटाबद्दल नंतर. पेन घेतलं, मागचा कागद उलगडला. म्हटलं, वरची जागा तय्यबासाठी कोरी सोडावी आणि अर्ध्यापासून लिहावं.

वरची जागा कोरी नव्हती.

"११२ : तेराव्या भागात ओहोटी परत आलीच नव्हती. चंद्रा, तू मला खोटं वाचून दाखवलंस. चौदाव्यातही ती नाही."

अक्षर तय्यबाचं. उजवीकडे झुकलेलं, 'र'ची शेपटी पुढच्या अक्षराखाली गेलेली. सिस्टरने छड्या मारून कर्सिव्ह गिरवून घेतलं, ते आमच्या मराठीतही उतरलं. केसरीनाथचे वडील म्हणायचे, या दोन पोरींच्या अक्षराला एकच वारं लागलंय.

पुस्तक नवं. त्यावर पहिला शिक्का माझा, नऊ तारखेचा. तेव्हापासून ते या घराबाहेर गेलेलं नाही. आणि जे लिहिलं आहे ते माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. तय्यबालासुद्धा नव्हतं.

आता लिहायलाच हवं.

ओहोटी ही मीठगडची नावाड्याची पोर. नवव्या भागात, २००३ साली, ती होडी घेऊन धुक्यात गेली ती आलीच नाही. मी म्हणत होते, येणार. तय्यबा म्हणत होती, "अजिबात नाही. ज्याने लिहिलंय त्याला काळीज असेल तर तो तिला परत आणणार नाही. परत आणायची म्हणजे जाण्याला किंमतच नाही." प्रत्येक भागाच्या मागे आमचं हेच भांडण. ११२ : नाही येणार. ११३ : येणार. लोक कथेपेक्षा आमचा कागद वाचायला पुस्तक न्यायचे.

तेरावा आला एप्रिल २०२२मध्ये. तोवर साखरेने तय्यबाची नजर गेली होती, मूत्रपिंडंही थकली होती. पहिल्यांदाच नियम मोडला. मी तिच्या पलंगाशी बसून वाचायचं आणि ती सांगेल ते मत तिच्या नंबराने मीच लिहायचं, असं ठरलं. शेवटच्या प्रकरणात मिठागरात उलटी पडलेली होडी सापडते आणि तिच्याखाली ओहोटी. मी तो परिच्छेद डोळ्यांनी पुढे वाचला. मग पुस्तकावरची नजर न हलवता मनानेच वाचत गेले : धक्क्यावर ओले केस पिळत एक बाई उभी होती, म्हणाली, भात आहे का गं उरलेला?

मरणाच्या दारातल्या बाईला बुडालेली पोर कशी वाचून दाखवू? मनाला मी हेच सांगत आले. पण वाचताना माझ्या आवाजात जो आनंद होता, तो दयेचा नव्हता. मी जिंकत होते.

तय्यबा आधी थोडं हसली. मग म्हणाली, "लिही. ११२ चुकली. ११३ बरोबर होती." मी लिहिलं. तिने माझा हात थोपटला आणि म्हणाली, "लेखक कच्चा निघाला गं."

अकरा दिवसांनी ती गेली.

१८ जानेवारी, शनिवार

रिक्षा करून वाचनालयात गेले. तेरावा मागितला. केसरीनाथने त्यावरचं कापसाचं तूस फडक्याने झटकलं. आजूबाजूला लूम, सगळी पुस्तकं पांढरी होतात.

मागचा कागद मी अडीच वर्षांत पाहिला नव्हता. मी तय्यबाच्या नावाने लिहिलेल्या ओळीखाली गर्दी झाली आहे.

"३४० : ११२, कुठे आली ओहोटी? पुस्तक वाचलंत की चाळलंत?"

"८७ : वय झालं की असं होतं."

"४०२ : ११२च्या मतावर भरवसा ठेवून पुस्तक नेलं. शुद्ध फसवणूक."

चाळीस वर्षं जिच्या मतावर लोक पुस्तकं निवडायचे, तिची ही शोभा. तीही माझ्या हाताने.

मी केसरीनाथला विचारलं, "चौदाव्याच्या कागदावर कोणी लिहिलंय? माझ्याआधी कोणाला दिला होतास?"

"कोनाला न्हाय ओ. खोक्यातनं काढला तो तुमच्याच हातात." तो माझ्याकडे बघत राहिला. "आनि ताई, तेरावा तुमी मंगळवारीबी मागितला व्हता. ह्याच खुर्चीत बसल्या. मी चहा सांगितला, तुमी प्यायलाच न्हाय. डोळं पुशीत बसल्या."

"मंगळवारी संक्रांत होती. मी तिळगूळ वळत होते घरी."

"आसंल," तो म्हणाला. केसरीनाथची साठी उलटली, त्याचा दोष नाही. गिऱ्हाइकांची अदलाबदल होते.

मुदत वाढवून चौदावा परत घरी आणला.

२२ जानेवारी, बुधवार

मेहरीनला बोलावलं होतं. तय्यबाची धाकटी. हनुवटी अगदी आईची.

"खाला, किती बारीक झालात! ऋतिकाभाभी खायला घालत नाही का?"

"सुना कधी घालतात का," ऋतिका आतून ओरडली.

मी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने एकदा वाचलं, परत वाचलं.

"अक्षर अम्मीचंच आहे," ती सावकाश म्हणाली. "पण खाला, शेवटी अम्मीला दिसतच नव्हतं ना. ती लिहायची कुठे?"

"शेवटी मीच लिहायची तिच्या नंबराने."

"हां." तिने माझा हात हातात घेतला, बोटं उघडून बघितली. पोर लहानपणी असाच माझा हात घेऊन रेषा मोजायची.

मग मी तिला सगळं सांगितलं. खोटं वाचल्याचं. मला वाटलं, ती उठून जाईल. ती म्हणाली, "अम्मी त्या दिवशी संध्याकाळी अब्बूंना म्हणाली, चंद्रा जिंकली, तिला मिठाई पाठवा. अब्बूंनी विचारलं, कशात जिंकली? तर म्हणाली, तुमको नहीं समझेगा."

मिठाई आली होती. मी खाल्ली होती.

नंतर मेहरीन आणि ऋतिका स्वयंपाकघरात बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. मेहरीनच्या हातचं खिमा-समोशाचं सारण ऋतिकाला कधीपासून शिकायचं आहे. जाताना मेहरीनने मला मिठी मारली ती लवकर सोडेना.

२९ जानेवारी, बुधवार

ऋतिका मला ठाण्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. गुडघ्यासाठी असं म्हणाली, पण गुडघ्याला कोणी हातही लावला नाही. डॉक्टर म्हणजे कोवळी मुलगी. तिने तारीख विचारली, मजला विचारला. मग म्हणाली, "आजी, एका मिनिटात आठवतील तेवढे प्राणी सांगा."

गाय, म्हैस, कुत्रा सांगितले. मग खारघोडा, तीन शेपटांची मगर, धूर पिणारं वटवाघूळ, मिठागरातला उलटा बगळा. तिचं पेन थांबलं.

"मीठगड वाचलेलं दिसत नाही तुम्ही," मी म्हटलं.

ऋतिकाने ओढणीने तोंड झाकलं. हसू आवरत नसेल. खांदे हलत होते.

डॉक्टरने सुरुवातीला पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते, पण ते परत विचारायला ती विसरली. रिक्षात तसं म्हटलं तर ऋतिका म्हणाली, "विचारले होते आई." आणि बाहेर बघत राहिली.

१ फेब्रुवारी, शनिवार

कागदावर आणखी लिहिलेलं सापडलं. पहिल्या ओळींच्या खाली.

"११२ : माझ्यापाशी रडून काय होणार? तेराव्याच्या मागे जाऊन लिही, ते सगळा गाव वाचतो."

या वेळी भीती वाटली नाही. राग आला थोडा. मी मोठ्याने म्हटलं, "बरं बाई, जाते." अगदी पूर्वी म्हणायची तसं.

ऋतिका दारात उभी होती. "कोणाशी बोलताय आई?"

"पुस्तकाशी."

तिने जवळ येऊन पुस्तक बंद केलं. म्हणाली, "तुमचं पेन थोडे दिवस माझ्याकडे राहू दे का? चादरीला डाग पडतात."

मी नाही म्हटलं. जरा तोडूनच. नंतर वाईट वाटलं.

गेल्या आठवड्यापासून एक गोष्ट मनात येते आणि मी तिच्याकडे पाठ करते. तय्यबाला जिवंतपणी कळलं नाही, तर मेल्यावर कसं कळलं? आणि कळलं तर तिने मेहरीनच्या स्वप्नात का जाऊ नये, माझ्या पुस्तकात का यावं? पण मग स्वतःलाच सांगते, ती आणखी कुठे येणार? आमचं सगळं बोलणं पुस्तकांच्या मागेच झालं.

९ फेब्रुवारी, रविवार

आज धीर करून तेराव्यावर दुरुस्ती लिहायला गेले. काय लिहायचं ते घरी पाठ केलं होतं. माझ्या नंबराने, सरळ, कुठलीही सबब न देता.

कागद उलगडला. ४०२च्या खाली लिहिलेलं होतं.

"११३ : वरचं मत ११२चं नाही. तिला दिसत नव्हतं आणि शेवटचं प्रकरण मी तिला बदलून वाचून दाखवलं. ओहोटी येणार नाही असं ती २००३पासून सांगत होती. ती बरोबर होती. हसायचं असेल तर मला हसा. ४.२.२५"

पाठ केलेलं, शब्द न् शब्द.

मी खुर्चीत बसले. केसरीनाथ म्हणाला, "ताई, मंगळवारी तुमीच न्हाय का लिवलं? पान भरून आलं तं मी नवा कागदबी खाली चिकटवून दिला." हा माणूस मंगळवारशिवाय दुसरा वारच बोलत नाही. पण नवा कागद खरंच होता, खळीचा वास अजून येत होता. त्यावर ३४०ने लिहिलंय, "माफ करा ११२." बस्स, एवढंच.

मी ते कितीतरी वेळ बघत होते. मग मला समजलं. मी एकदा तिच्या नंबराने लिहिलं होतं, आता तिने माझ्या नंबराने लिहिलं. माझ्याने होणार नाही हे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षं ती पानाचा कोपरा धरून थांबली, या वेळी थांबली नाही.

किंवा दुसरं काही असेल. त्या दुसऱ्याबद्दल मी आज लिहिणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

ठाण्याहून कागद आले. ऋतिका म्हणाली, "काही नाही आई, वयोमानाप्रमाणे आहे." चष्मा माझ्याजवळ नव्हता, म्हणून तिने कागद टेबलावरच ठेवले. तो एक इंग्रजी शब्द वाचायला मला चष्मा लागला नाही. देवेश आज गोदामातून दुपारीच घरी आला आणि माझ्या शेजारी बसून टीव्ही बघत राहिला. टीव्ही बंद होता.

उद्या शब-ए-बारात आहे, गेलेल्यांच्या कबरीवर जाऊन दुवा मागायची रात्र. आज डोकं स्वच्छ आहे, तोवर लिहून ठेवते. ऋतिका, ही वही तुझ्याच हाती लागणार, म्हणून तुलाच सांगते.

माझं पेन आजच घे. मी मागितलं तरी देऊ नकोस. मी ओरडेन, तेव्हा हो म्हण आणि देऊ नकोस.

मीठगडचे पहिले आठ भाग माझ्या स्वतःच्या प्रती आहेत, त्या तुला. तुला आवडत नाहीत हे मला माहीत आहे. मला वाचून दाखव. एकच प्रकरण पुन्हा पुन्हा वाचलंस तरी चालेल, मला चालणार आहे. फक्त जसं छापलंय तसं वाच. मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस.

नववा भाग मेहरीनला. तिच्या आईने त्यात पेन्सिलने खुणा केल्या आहेत, काही ठिकाणी मला शिव्याही आहेत. तिच्या लग्नातली माझी मोतिया साडीही तिलाच, तिला हवी होती.

चौदावा केसरीनाथला परत दे. मागचा कागद फाडू नये म्हणावं. ११२ नंबर आता कोणालातरी दे म्हणावं. एखादी हट्टी, भांडखोर मुलगी सभासद व्हायला आली तर तिलाच. ११३ माझ्यामागे कोणालाही चालेल.

देवेशला माझं घड्याळ. आणि त्याला सांग, टीव्ही लावून बसलास तरी मला बरं वाटेल.

या वहीत घडी करून ठेवलेला कागद आहे, तो यूनुसभाईंना, मेहरीनच्या अब्बूंना. त्यांनी आयुष्यभर सुताच्या पावत्यांपलीकडे काही वाचलं नाही, म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलाय. ते उद्या कब्रस्तानात जातील. मला तिथे जाता येत नाही. यूनुसभाई, तुम्ही दुवा मागून झाल्यावर तिला एवढंच सांगा, "चंद्राने खोटं वाचलं होतं, तू जिंकलीस." तुम्हाला यातलं काही समजणार नाही, पण तिला समजेल. सांगून लगेच वळू नका. ती ताबडतोब उत्तर देत नाही. आधी थोडं हसून घेते.